पडद्यावरची खेळणी (३) : अँडी कॉलेजला जातो

कार्टूनमधल्या मुलांचं वय वाढत नाही. बार्ट सिम्पसन १९८९ पासून दहाचाच आहे, टिनटिनला मिसरूड फुटलीच नाही. धंद्यालाही ते सोयीचं. 'टॉय स्टोरी ३'ने २०१० साली ही सोय नाकारली. दुसरा भाग १९९९ चा. मधल्या अकरा वर्षांत त्याचे बालप्रेक्षक मोठे झाले होते, तेव्हा खेळण्यांचा मालक अँडी यालाही मोठं होऊ दिलं. आता तो सतरा वर्षांचा, कॉलेजला निघालेला. आवाज मात्र जॉन मॉरिसचाच, पहिल्या भागात छोट्या अँडीला होता तोच, आता पुरुषी झालेला.

हा चित्रपट भलताच झाला असता. 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या पिक्सारशी बिनसलं होतं तेव्हा डिस्नेने 'सर्कल सेव्हन' हा वेगळा स्टुडिओ काढून तिसऱ्या भागाची जुळवाजुळव सुरू केली होती. त्यात बिघडलेला अंतराळवीर बाहुला बझ तैवानला परत जातो आणि बाकीची खेळणी त्याच्या मागे निघतात. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सारच विकत घेतली आणि ते बारगळलं. दिग्दर्शक ली अंक्रिच आणि पटकथाकार मायकेल आर्न्ट यांनी गोष्ट घरातच शोधली : खोली रिकामी करायची आहे. सामान कॉलेजला न्यायचं, माळ्यावर टाकायचं, देऊन टाकायचं की कचऱ्यात? अँडी लाडक्या काउबॉय बाहुल्याला, वूडीला, कॉलेजच्या खोक्यात ठेवतो, उरलेल्यांना माळ्यासाठी काळ्या पिशवीत भरतो. आईला ती पिशवी कचऱ्याची वाटते. पुढचा सगळा गोंधळ या एका पिशवीतून निघतो.

खेळणी पाळणाघरात पोचतात. तिथला म्होरक्या लॉट्सो, स्ट्रॉबेरीच्या वासाचं गुबगुबीत अस्वल. तो वाटेत हरवला, पायपीट करत मालकिणीच्या घरी परतला, तर खिडकीतून दिसलं की तिच्या कुशीत तसंच दुसरं अस्वल आहे. टाकून दिल्याचं दुःख सोसता आलं असतं. आपल्या जागी हुबेहूब दुसरा आणता येतो, हे त्याला सोसवलं नाही. खलनायकाला इतकं पटण्याजोगं कारण मोठ्यांच्या चित्रपटांतही क्वचित मिळतं.

खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडे सरकतात त्या प्रसंगाबद्दल प्रेक्षक जास्त बोलतात. मला शेवटचा भाग सरस वाटतो. खेळण्यांच्या खोक्यावर पाळणाघरात येणाऱ्या छोट्या बॉनीचा पत्ता असलेली चिठ्ठी दिसते. अँडी समजतो, आईने सुचवलंय. आई म्हणते, तुझं तू ठरव. चिठ्ठी वूडीने लिहिलेली आहे, हे दोघांनाही कळत नाही. मालकाला सोडायचा निर्णय खेळण्याने घेतला! मग अँडी बॉनीला एकेकाची ओळख करून देतो, कोण कशात पटाईत, कोणाला जपायचं. निरोपाचं भाषण कुठेच नाही, नुसती यादी आहे. तळाशी वूडी निघतो. बॉनी हात पुढे करते आणि अँडी त्याला पटकन मागे ओढतो. सतरा वर्षांचा मुलगा क्षणभर सहाचा होतो. अॅनिमेटरने त्या एका झटक्यात जे साधलंय, ते संवादाला जमलं नसतं.

सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं आणि गाण्याचं ऑस्कर मिळालंच. शिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य नामांकनातही तो होता. एवढं झाल्यावर २०१९ मध्ये चौथा भाग काढायची गरज नव्हती, असं माझं मत. चौथ्याची बाजू पुढच्या आठवड्यात.