आवडतं पुस्तक ठीक, पण प्रश्न काय?

पीएचडीच्या प्रवेश-मुलाखतीत मला विचारलं, "हाच विषय का?" मी म्हटलं, "लहानपणापासूनचं आवडतं पुस्तक आहे." समोरच्या मॅडम म्हणाल्या, "आवड कळली. प्रश्न काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाशीहून घरी येईपर्यंत लोकलमध्ये तेच डोक्यात.

पुस्तक होतं गेल कार्सन लेव्हिन यांचं 'एला एनचँटेड' (१९९७). सिंड्रेलाचीच गोष्ट, फक्त एलाला जन्मतःच एका परीने आज्ञाधारकपणाचा 'वर' दिलेला. कुणीही हुकूम सोडला की पाळायचाच! वाढदिवसाला "खा" म्हटलं की रडत रडत केक खात राहायचं.

मग मी एक साधी गोष्ट केली. शार्ल पेरोची १६९७ची सिंड्रेला शेजारी ठेवली आणि काय तसंच राहिलं, काय बदललं, ते वहीत मांडलं. पेरोची मुलगी सगळं निमूट सोसते. का सोसते, हे ती गोष्ट विचारतच नाही. लेव्हिन नेमकं तेच विचारतात आणि अख्खी कादंबरी त्यावर उभी करतात. इथे प्रश्न सापडला: जुन्या गोष्टीत जो गुण होता, तो नव्या गोष्टीत शाप कसा झाला? यावर वाद घालता येतो, पुरावा संहितेतच शोधता येतो आणि मी चूकही ठरू शकते. "मला आवडतं" यात चूक ठरायला जागाच नाही.

पुढे प्रस्तावात मी बेधडक लिहिलं, 'सिंड्रेला आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आली.' गाइड म्हणाले, "कशावरून?" या एका वाक्याने माझे चार महिने खाल्ले.

शोधताना मेरी फ्रियर यांचं 'ओल्ड डेक्कन डेज' (१८६८) हाती आलं. मुंबईच्या गव्हर्नरची ही मुलगी. वडिलांच्या दख्खन दौऱ्यात तिने आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून या गोष्टी ऐकल्या. ॲनाने आजीकडून ऐकलेल्या. त्यात 'सोदेवाबाई' आहे. राजकन्येची सोन्याची चपला डोंगरावरून घरंगळते, राजपुत्राला सापडते, दोघांचं लग्न होतं. मी खूश! सापडली की दख्खनची सिंड्रेला!

पण नाही. सावत्र आई नाही, चूल नाही, राख नाही. लग्न तर गोष्टीच्या मध्येच होऊन जातं. खरं संकट त्यानंतरचं: सोदेवाबाईचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या मण्यांत असतो आणि सवत ते मणी चोरवते. चपला हा कथाघटक झाला. घटनांची ठरावीक साखळी जुळली तर कथाप्रकार. लोककथांच्या एटीयू सूचीत सिंड्रेला ५१०ए या क्रमांकावर आहे, तिथे छळ झालेली नायिका लागतेच. एक घटक जुळला म्हणून प्रकार जुळत नाही. सुरुवातीला हा घोळ बहुतेक सगळेच घालतात, मी तर अख्खं प्रकरण लिहून बसले होते.

शिवाय छापलेले शब्द कुणाचे? आजीचे, ॲनाचे की मेरीचे?

आता प्रस्तावात लिहिलंय, 'चपलेचा कथाघटक १८६८च्या या मूळ दख्खनी संग्रहात आढळतो.' परवा गाइडनी त्यातला 'मूळ' खोडला.