पिंजऱ्यात बाळं आली हो!

दोस्तांनो, तुमच्याकडे गिनीपिगची जोडी आहे का? मग एखाद्या सकाळी पिंजऱ्यात दोनाऐवजी पाच जण दिसले, तर दचकू नका! उंदराची पिल्लं जन्मतात डोळे मिटून, उघडीवाघडी. हे बाळ मात्र सुमारे ६८ दिवस आईच्या पोटात राहून सगळी तयारी करूनच येतं. डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात! काही तासांत ते पळू लागतं आणि एक-दोन दिवसांत गवतही कुरतडतं.

"मग आमचं काम काय?" असं म्हणाल. काम आहे, आणि ते बाळं यायच्या आधीच सुरू होतं.

बाबा शेजारच्या पिंजऱ्यात

मादीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसलं, की नराला वेगळं ठेवा. तो काही पिल्लांचा शत्रू नसतो बरं का! पण बाळंतपणानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. लागोपाठच्या बाळंतपणांनी ती खंगते, जिवावरही बेततं. पिल्लांतले नरसुद्धा तीन आठवड्यांचे झाले, की आईपासून आणि बहिणींपासून वेगळे करायचे.

पिंजऱ्यात दोन माद्या असतील, तर त्या एकमेकींच्या पिल्लांनाही पाजतात. मात्र प्रत्येकीला आचळं दोनच! दांडगी पिल्लं पुढे घुसतात आणि लहानगं उपाशी राहतं. म्हणून रोज एका ठरावीक वेळी प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहा. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं, पण पुढे घटतच राहिलं, तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. बाटलीनं दूध पाजायची घाई करू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

"हात लावला की आई पिल्लाला टाकते," असं कुणी म्हणेल. गिनीपिगच्या बाबतीत ते खरं नाही. जमिनीवर बसा, दोन्ही हातांनी अलगद उचला आणि लवकर परत ठेवा.

परतूरचं ऊन

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, थंड हवेतला. आपल्या परतूरला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि याला तर तिशीच्या पुढेच त्रास होतो! पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर ठेवा. वर ओलं गोणपाट टाका, पण हवा खेळती हवी. पाण्याचं भांडं उथळच हवं.

आवळ्याची फोड

१९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रॉलिश या शास्त्रज्ञांना दिसलं, की नुसतं धान्य खाणाऱ्या गिनीपिगला स्कर्व्ही होतो. माणसासारखंच त्याचं शरीरही 'क' जीवनसत्त्व बनवू शकत नाही. म्हणून आईला आणि पिल्लांना कोथिंबीर, ढोबळी मिरची, आवळ्याची किंवा पेरूची छोटी फोड द्या. सुकं गवत तर चोवीस तास समोर हवंच. पाजणाऱ्या आईला लसूणघास चांगला. कांदा, लसूण, बटाटा मुळीच नको. कोवळी ज्वारीही नको. तिनं गुरांनाही विषबाधा होते, हे घरच्या शेतकऱ्यांना विचारा!

आणि आईबाबा, हे तुमच्यासाठी. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. प्रत्येक पिल्लाला घर मिळेल याची खात्री नसेल, तर नर-मादी आणूच नका. दोन बहिणी आणा. त्याही एकमेकींना बिलगून मजेत राहतात!