पूर्णत्वाचा हिशेब

मनुष्याने पूर्णत्वाची आस धरावी, की आपण जसे आहोत तसे स्वतःला पत्करून समाधानाने राहावे, हा प्रश्न विचारी माणसाला केव्हा ना केव्हा पडतोच. पहिली वाट धरावी तर आपल्या उणिवा पदोपदी बोचू लागतात आणि मन खचते. दुसरी धरावी तर आत्मोन्नतीच खुंटेल अशी धास्ती वाटते. या दोहोंचा मेळ बसतो काय, आणि बसत असल्यास तो कसा, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘पूर्ण’ म्हटले की ज्यात तिळभरही दोष नाही असे काही तरी आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु अध्यात्मात हा शब्द निराळ्या अर्थाने आला आहे. सूफी परंपरेत ‘इन्सान-ए-कामिल’ म्हणजे पूर्ण मानव अशी एक कल्पना आहे. स्पेनमधील मुर्सिया येथे ११६५ मध्ये जन्मलेले व १२४० मध्ये दमास्कस येथे निवर्तलेले इब्न अरबी यांनी ती मांडली. पुढे अब्दुल करीम जीली यांनी त्याच नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिचे सार असे की, मनुष्य हा आरसा आहे आणि ईश्वराचे गुण त्यात प्रतिबिंबित व्हावयाचे असतात. आरशात दिसणारे तेज आरशाचे स्वतःचे नसते. त्याने स्वच्छ राहावे एवढेच त्याचे काम. म्हणून या मतानुसार माणूस जितका पूर्ण होत जातो तितका तो ‘अब्द’, म्हणजे ईश्वराचा दास, होत जातो. ‘मी पूर्ण झालो’ असे ज्याला वाटू लागले त्याच्या आरशावर धूळ बसू लागली असे समजावे.

नमाजाची रचना पाहिली तरी हेच दिसून येते. दिवसाच्या पाच नमाजांत मिळून १७ रकाती अनिवार्य असतात. प्रत्येक रकातीत फातिहा म्हटली जाते आणि तीत सरळ मार्ग दाखविण्याची याचना आहे. पन्नास वर्षे नमाज पढणाऱ्या वृद्धालाही ही याचना सुटत नाही. स्वतः पैगंबरसाहेब दिवसातून सत्तरहून अधिक वेळा ईश्वराची क्षमा मागत, असे हदीसमध्ये नमूद आहे.

आपल्या मराठी वाचकांना परिचित असलेल्या दासबोधातही याच्याशी जुळणारा विचार आहे. त्याच्या पाचव्या दशकात समर्थ रामदासांनी बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे लागोपाठ चार समासांत सांगितली आहेत. यांपैकी मुमुक्षू विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दोष बद्धाच्या ठायी असतात तसे त्याच्याही ठायी असतात. परंतु बद्धाला ते दिसत नाहीत. मुमुक्षूला दिसतात आणि त्यांचा पश्चात्ताप होतो. म्हणजे चढणीची सुरुवातच मुळी आपली उणीव ओळखण्यापासून होते. कुराणातही मनाच्या तीन अवस्था आल्या आहेत. वाईटाकडे ओढणारे मन ते ‘अम्मारा’, स्वतःला टोचणी लावणारे ते ‘लव्वामा’ आणि शांत झालेले ते ‘मुतमइन्ना’. यांतील मधल्या, टोचणी लावणाऱ्या मनाची कुराणात शपथ वाहिलेली आहे. अपुऱ्या पण धडपडणाऱ्या मनाला तेथे एवढा मान दिलेला आहे.

आता ‘स्वतःला पत्करणे’ म्हणजे काय, ते पाहू. ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून आपला रागीटपणा किंवा आळस कुरवाळीत बसणे हे खरे पत्करणे नव्हे. ती सबब झाली. चार पोथ्या वाचून अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे हेही नव्हे. आणि ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ असे म्हणत रात्रंदिवस स्वतःला कोसत राहणे हे तर नव्हेच. मग खरे पत्करणे कोणते? याचे उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातील एका साध्या शब्दात सापडते.

‘हिशेब’ हा शब्द अरबी ‘हिसाब’वरून मराठीत आला. त्याच धातूपासून सूफींचा ‘मुहासबा’ हा शब्द झाला आहे. त्याचा अर्थ, स्वतःचा हिशेब स्वतः घेणे. बसरा येथे जन्मलेले व ८५७ मध्ये बगदाद येथे वारलेले हारिस हे सत्पुरुष या अभ्यासामुळे ‘मुहासिबी’ याच नावाने ओळखले गेले. पुढे इमाम गझाली (१०५८–११११) यांनी आपल्या ‘इह्या’ या ग्रंथात व्यापाऱ्याचा दृष्टान्त देऊन हा विषय फोड करून सांगितला. व्यापारी भागीदाराच्या हाती भांडवल देताना आधी अटी ठरवितो, मग त्याच्यावर नजर ठेवतो आणि शेवटी नफातोटा पाहतो. तद्वतच बुद्धीने मनाच्या हाती आयुष्याचे भांडवल देताना सकाळी अटी घालाव्यात, दिवसभर लक्ष ठेवावे आणि दिवसाअखेर हिशेब घ्यावा.

ज्यांनी कीर्द-खतावणी हाताळली आहे त्यांना यातील मर्म सहज उमगेल. तूट आली तर ती वहीत मांडावीच लागते. ती लपविणारा अप्रामाणिक ठरतो, आणि तूट आली म्हणून दुकानाला कायमचे कुलूप ठोकणाराही शहाणा ठरत नाही. तूट खरी खरी मांडणे हा आत्मस्वीकार, ती भरून काढण्याची खटपट ही साधना, आणि ज्या मापाने तूट मोजली ते माप म्हणजे पूर्णत्व. माप नसेल तर तूट कळणार नाही. ती मांडली नाही तर भरून निघणार नाही. म्हणून आमच्या मते या तिन्ही गोष्टी परस्परविरोधी नसून एकीवाचून दुसरी लंगडी आहे.

गझालींनी हे केवळ लिहिले नाही, भोगलेही. बगदादच्या निझामिया विद्यालयात ते नामांकित आचार्य होते. १०९५ मध्ये त्यांना असे आढळून आले की, आपल्या अध्यापनामागे ईश्वरापेक्षा कीर्तीचीच ओढ अधिक आहे. त्यांची वाचा बसली, अन्न जाईना. अखेर पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेम, मक्का असे फिरले आणि ११०६ मध्ये निशापूर येथे पुन्हा शिकवू लागले. त्यानंतर लिहिलेल्या आत्मवृत्तातही आपण ध्येय गाठू की वाटेतच अंत होईल हे ठाऊक नसल्याचे ते मोकळेपणाने सांगतात. एवढ्या थोर माणसाने शिल्लक अशी उघडी मांडावी, हे आम्हा शिक्षकांना तरी फार मोलाचे वाटते.

कारण वर्गात आम्हाला उलटेच दृश्य दिसते. काही मुले गणित चुकले की पानच फाडून टाकतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वही निम्मी होते. उरलेली पाने स्वच्छ असतात; पण मुलाचे नेमके कोठे चुकते ते शोधू म्हटले तर काहीच सापडत नाही. असा मुलगा आळशी नसतो, बहुधा भ्यालेला असतो. घरी शहाण्णव गुण सांगितले की ‘उरलेले चार कोठे गेले?’ असे त्याला विचारले जाते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ह्युइट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये निर्दोषपणाच्या हव्यासाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अपेक्षिलेला, इतरांकडून अपेक्षिलेला, आणि जगाला तो आपल्याकडून हवा आहे असे वाटणारा. १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ४१,०००हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिन्ही प्रकार वाढलेले, आणि तिसरा सर्वांत अधिक वाढलेला आढळला. आरशात ईश्वराऐवजी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डोळे दिसू लागले की असे व्हावयाचेच.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलाला ‘किती चुकले?’ असे विचारण्यापूर्वी ‘कोठे अडले?’ असे विचारावे, आणि चुकलेले पान वहीत राहू द्यावे. हाच प्रश्न रात्री निजण्यापूर्वी आपण स्वतःलाही विचारून पाहावा. आपल्या न्यासाचे हिशेब दरसाल तपासले जातात. त्यात कोणी अपमान मानीत नाही. उलट त्यामुळेच लोकांचा विश्वास टिकून राहतो. महोत्सवाच्या या शुभप्रसंगी संस्थेच्या वह्यांप्रमाणे आपल्या सर्वांच्या मनाच्या वह्याही अशाच उघड्या राहोत आणि नव्या वर्षात त्यांतील तूट थोडी थोडी भरून निघो, अशी आमची प्रार्थना आहे.