विसराळू चिपची पाठराखीण

एफपीजीए ही चिप कारखान्यातून कोरी येते. आतले तर्कगट एकमेकांना कसे जोडायचे हे ती वापरणारा ठरवतो. झायलिंक्सने १९८५ साली एक्ससी२०६४ ही अशी पहिली चिप आणली, तेव्हा तिच्यात ६४ तर्कगट होते आणि त्यांची सगळी मांडणी सुमारे १२ हजार बिटांत मावत असे. ही मांडणी एसरॅम या मेमरीत राहायची, आणि वीज गेली की एसरॅम सगळं विसरते. चाळीस वर्षांनंतरही बहुतेक मोठ्या एफपीजीए तशाच विसराळू आहेत. वीज आली की शेजारी पाठराखिणीसारखी बसवलेली छोटी फ्लॅश मेमरी त्यांना त्यांचं काम पहिल्यापासून सांगते. याकडे उणीव म्हणून पाहायची पद्धत आहे. माझ्या मते ही या तंत्रातली सर्वांत शहाणी तडजोड आहे; चूक होते ती पाठराखिणीला किरकोळ समजण्यात.

मग मेमरी चिपच्या आतच का घालू नये? घालतातही. ॲक्टेलने फ्लॅशवर चालणाऱ्या एफपीजीए काढल्या, अल्टेराच्या मॅक्स १० मध्येही फ्लॅश आतच आहे. पण फ्लॅश पेशीला जास्त व्होल्टेज लागतं आणि निर्मितीत वेगळ्या पायऱ्या वाढतात. एसरॅम मात्र तर्कगटांच्याच ट्रान्झिस्टरांतून बनते. त्यामुळे नवी, अधिक बारीक प्रक्रिया आली की तिचा फायदा आधी एसरॅमवाल्या चिपला मिळतो. शिवाय बाहेरची मेमरी आता कुणा एकाची मिरासदारी राहिलेली नाही. पूर्वी एफपीजीए बनवणारेच आपल्या खास प्रॉम मेमरी विकत. स्पार्टन-३ई सारख्या चिप कुठल्याही कंपनीची साधी एसपीआय फ्लॅश थेट वाचू लागल्या आणि ती सक्ती गेली. संवाद तरी किती साधा: एफपीजीए ‘वाच’ ही एका बाइटची आज्ञा आणि २४ बिटांचा पत्ता पाठवते, मग घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट येत राहतो.

वेगाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. आर्टिक्स-७ मालिकेतल्या ३५टी या लहानशा चिपच्या मांडणीची फाइल पावणेदोन कोटी बिटांची आहे. मुळातल्या ३ मेगाहर्ट्झ घड्याळावर, एकाच तारेने ती भरायला जवळजवळ सहा सेकंद लागतात. पीसीआय एक्स्प्रेस कार्डाला एवढी सवड नसते. वीज स्थिरावल्यापासून साधारण १०० ते १२० मिलिसेकंदांत त्याला तयार व्हावं लागतं. चार तारा आणि ६६ मेगाहर्ट्झ घेतले की हिशेब ६६ मिलिसेकंदांवर येतो. इथे अनेकजण निश्चिंत होतात. पण चिपच्या आतल्या घड्याळात ५० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे वाईटात वाईट वेळ १३३ मिलिसेकंद! उपाय आहे, बाहेरून पक्कं घड्याळ द्यायचं; पण तो आराखड्यातच सुचायला हवा.

बाहेर ठेवलेलं कुणीही वाचेल, हा आक्षेप खरा आहे, म्हणून फाइल कूटबद्ध करतात. २०२० साली माइक एंडर, अमीर मोरादी आणि ख्रिस्तोफ पार यांनी ‘स्टारब्लीड’ नावाने दाखवून दिलं की झायलिंक्सच्या ७ मालिकेतलं हे कूट फोडता येतं. मात्र ते छिद्र फ्लॅशमध्ये नव्हतं, एफपीजीएच्या सिलिकॉनमध्ये होतं, आणि म्हणूनच विकल्या गेलेल्या चिपमध्ये ते बुजवता येत नाही. फ्लॅशमधली फाइल मात्र केव्हाही बदलता येते. जुनी खात्रीची प्रत पहिल्या पत्त्यावर आणि नवी पुढे ठेवली, तर नवी बिघडल्यास चिप जुनीवर परतते.

खरा घात होतो तो १६ मेगाबाइटांच्या पुढे. २४ बिटांचा पत्ता तिथेच संपतो, म्हणून चालू असलेलं डिझाइन फ्लॅशला ३२ बिटांच्या पत्त्यावर नेतं. मग वीज न जाता नुसती एफपीजीए रीसेट झाली, तर ती जुन्या सवयीने तीन बाइटांचा पत्ता देते, फ्लॅश चौथ्याची वाट पाहते, आणि धडधाकट बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो. फ्लॅशलाही सोबतच रीसेट केलं की हे टळतं; पण आठ पायांच्या फ्लॅशमध्ये रीसेटचा पाय बहुधा चौथ्या डेटा तारेतच गेलेला असतो. सोळा पायांच्या पॅकेजमध्ये तो वेगळा मिळतो. मोठी फ्लॅश निवडणार असाल, तर बोर्ड छपाईला धाडण्याआधी त्या पायाला तार जोडली आहे ना, तेवढं पाहून घ्या.