माउसला बटणे किती असावीत?

नवी दिल्ली, ९ डिसेंबर : संगणकाच्या माउसला डावे आणि उजवे अशी दोन बटणे असणे आज इतके अंगवळणी पडले आहे की, त्यावर कधी वाद झाला असेल असे वाटतही नाही. प्रत्यक्षात या साध्या प्रश्नाने संगणकतज्ज्ञांना अनेक दशके विचार करायला लावले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळ्याच्या तळाशी दोन चाके आणि वर एकच बटण, असे त्याचे स्वरूप होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे गाजलेले जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा बटणे तीन झाली होती. शिवाय डाव्या हातासाठी पाच कळांचे स्वतंत्र उपकरण होते. शिकायला वेळ लागला तरी चालेल, पण शिकलेल्या माणसाची कार्यक्षमता वाढली पाहिजे, अशी एंगेलबार्ट यांची धारणा होती.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील १९७३ च्या ‘आल्टो’ संगणकालाही तीन बटणांचा माउस होता. मात्र निरनिराळ्या प्रोग्रॅममध्ये बटणांचे अर्थ बदलत आणि नवख्याचा गोंधळ उडे. कंपनीने १९८१ च्या ‘स्टार’ संगणकासाठी दोन बटणे निश्चित केली. झेरॉक्समधून ॲपलमध्ये गेलेले लॅरी टेस्लर यांनी एकाच बटणाचा आग्रह धरला. बटण एकच असेल, तर चुकीचे बटण दाबले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. ॲपलच्या १९८३ च्या ‘लिसा’ आणि १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ला एकबटणी माउस मिळाला.

या सोपेपणाचीही किंमत होती. एका बटणाकडून अनेक कामे करून घेण्यासाठी ‘डबल क्लिक’ आले. ठरावीक वेळेत दोनदा बटण दाबणे वृद्धांना किंवा हात थरथरणाऱ्यांना अवघड जाते. काही कामांसाठी कळफलकावरील कळही सोबत दाबावी लागे. मायक्रोसॉफ्टने १९८३ मध्ये दोन बटणांचा माउस आणला. पुढे ‘विंडोज ९५’ने उजव्या बटणाला संबंधित पर्यायांची यादी उघडण्याचे काम नेमून दिले. १९९६ मध्ये त्याच कंपनीच्या ‘इंटेलिमाउस’मध्ये दोन बटणांच्या मध्ये फिरते चाक आले. अखेर २००५ मध्ये ॲपलनेही उजव्या क्लिकची सोय असलेला ‘मायटी माउस’ विक्रीस आणला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बटणे कमी केल्याने गुंतागुंत नाहीशी होत नाही. ती केवळ जागा बदलते. कधी ती बोटांवर येते, कधी दाबण्याच्या वेळेवर, तर कधी पडद्यावरील यादीत जाते. मोबाइलच्या पडद्यावर एकही बटण नसते, तरी तेथे बोट दाबून धरण्याची क्रिया बहुधा उजव्या क्लिकचेच काम करते.

भारतात अनेकांची संगणकीय जगाशी पहिली ओळख मोबाइलद्वारे होते. अशी व्यक्ती संगणकासमोर बसते, तेव्हा उजव्या बटणाचा उपयोग तिला आपोआप कळत नाही. म्हणूनच बटणांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील कामाची वाटणी महत्त्वाची ठरते. प्रत्येक आवश्यक काम मुख्य बटणाने करता यावे आणि दुसरे बटण जवळची वाट म्हणून असावे. तीच एकमेव वाट असू नये. डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदल आणि डबल क्लिकचा वेग कमी करण्याची सोय संगणकाच्या सेटिंगमध्ये असते. नवशिक्याला पहिल्याच दिवशी ती दाखवून देणे हिताचे ठरेल.