विश्वचषकाचे पंचांग

पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकाची पहिली स्पर्धा १९३० मध्ये उरुग्वेत झाली आणि तेव्हापासून २०१८ पर्यंतची प्रत्येक स्पर्धा मे, जून व जुलै या तीन महिन्यांच्या आतच खेळली गेली. २०२२ ची कतारमधील स्पर्धा मात्र २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात भरवण्यात आली, आणि त्याचे कारण राजकीय वा आर्थिक नसून यजमान देशाचा उन्हाळा हे होते. या बदलाची चर्चा जगभर, विशेषतः युरोपात, एखाद्या नैसर्गिक व्यवस्थेत कोणी ढवळाढवळ केल्यासारखी झाली. परंतु जून-जुलै हे फुटबॉलचे नैसर्गिक महिने आहेत, ही समजूत जगाच्या फार थोड्या भागाला लागू पडते, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला तर ती मुळीच लागू पडत नाही.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे येथील प्रत्येक व्यवहाराने आपले वेळापत्रक पावसाशी जुळवून घेतलेले आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, मिरकरवाड्यासारख्या बंदरांत नौका विसावतात, आणि कोळी समाजात समुद्राला नारळ अर्पण करून दर्यावर जाण्याचा परंपरागत दिवस नारळी पौर्णिमेचा मानला जातो. कोकण रेल्वे दरवर्षी स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक काढते, कारण दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो. वेळापत्रक बदलले म्हणून रेल्वेची प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी मानत नाही. कबड्डीचे व क्रिकेटचे सामनेही भातकापणी उरकून मळे मोकळे झाल्यावरच रंगतात. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, गणित आणि प्रत्यक्ष दिसणारे ग्रहगोल यांत अंतर पडले तर गणित दुरुस्त केले पाहिजे, असा आग्रह धरणारे लोकमान्य टिळक याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मले, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. चांद्रमास ऋतूंपासून सुटू नयेत म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास धरणाऱ्या समाजाला कालगणनेतील दुरुस्ती ही अपवादात्मक गोष्ट वाटत नाही.

विश्वचषक जून-जुलैत येतो याचे कारण युरोपातील व्यावसायिक क्लबांच्या हंगामात आहे. हा हंगाम साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. खेळाडू क्लबांचे पगारी नोकर असल्याने राष्ट्रीय संघांना ते मोकळेपणाने मिळतात तो काळ मधल्या सुट्टीचाच असतो. ती सुट्टी उत्तर युरोपच्या सौम्य उन्हाळ्यात येते एवढाच या महिन्यांचा हवामानाशी संबंध. भारतात फुटबॉलचे पंचांग अगदी निराळे होते. कोलकात्याची लीग पावसाळ्यात खेळली जाई, आणि मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली तो दिवस २९ जुलै १९११ हा होता. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. मुंबईने तर क्रिकेटलाही पावसात उतरवले, कारण १९४८ पासून चालत आलेली डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची लीग ही मुद्दाम पावसाळ्यातील ओल्या, लहरी खेळपट्ट्यांवर खेळण्यासाठीच ओळखली गेली. घाटापलीकडे कोल्हापुरात मात्र फुटबॉलचा हंगाम पाऊस सरल्यावर उभा राहतो. म्हणजे एकाच राज्यात दोन-तीन क्रीडापंचांगे सुखाने नांदत आली आहेत.

कतारला यजमानपद मिळाले ते २ डिसेंबर २०१० रोजी झुरिक येथे. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, कार्यकारी समितीतील २२ सदस्यांनी मतदान केले आणि चौथ्या फेरीत कतारने अमेरिकेला १४ विरुद्ध ८ मतांनी मागे टाकले. ऑस्ट्रेलिया, जपान व दक्षिण कोरिया हे दावेदार आधीच्या फेऱ्यांत बाद झाले होते. हे मतदान जून-जुलैच्या स्पर्धेसाठी होते, ही बाब महत्त्वाची आहे. चिलीचे हॅरल्ड मेन-निकोल्स यांच्या नेतृत्वाखालील फिफाच्याच पाहणी पथकाने मतदानापूर्वी दिलेल्या अहवालात, हे दोन महिने त्या प्रदेशातील सर्वांत उष्ण असल्याने खेळाडू, पंच व प्रेक्षक यांच्या आरोग्याला धोका संभवतो, असे स्पष्ट नोंदवले होते. इशारा लेखी होता, वेळेवर मिळाला होता आणि तो बाजूला ठेवला गेला. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

दोह्यात जून-जुलैचे सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असते, पण केवळ या आकड्यावरून धोक्याची पूर्ण कल्पना येत नाही. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते आणि हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो व रत्नागिरीचा ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो, तरीही रत्नागिरीकर दिवसभर घामाने निथळत असतो, त्याचे कारण हेच. कतार हा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला वाळवंटी द्वीपकल्प असल्याने तेथे विदर्भाचे ऊन आणि कोकणची दमट हवा एकत्र येतात, असे म्हटले तर मराठी वाचकाला ती अवस्था नेमकी कळेल. म्हणूनच क्रीडावैद्यक आणि श्रमवैद्यक साध्या तापमापकावर विसंबत नाही. त्यासाठी एक संयुक्त निर्देशांक वापरतात: ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाच्या नोंदीला सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला वीस टक्के आणि सावलीतील साध्या तापमापकाला दहा टक्के वजन देऊन तो काढला जातो. हा निर्देशांक ३२ अंशांच्या वर गेला की सामन्यात पाणी पिण्यासाठी विश्रांती द्यावी, असा संकेत फुटबॉलमध्ये रूढ झाला व २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात अशी विश्रांती प्रत्यक्ष देण्यात आली.

यजमानांचे उत्तर तंत्रज्ञानाचे होते. कतार विद्यापीठातील अभियंते सौद अब्दुलघनी यांच्या मार्गदर्शनाखाली उघड्या छताची मैदाने थंड करण्याची योजना आखली गेली. थंड हवा जड असते व खोलगट जागेत ती तळाशी साचून राहते, हे तिचे सूत्र होते: आसनांखालच्या झरोक्यांतून आणि मैदानाच्या कडेच्या मोठ्या तोंडांतून गार हवा सोडायची, ती तापू लागली की पुन्हा ओढून घ्यायची, थंड करायची व परत सोडायची. खलिफा आंतरराष्ट्रीय स्टेडियम २०१७ मध्ये या व्यवस्थेसह पुन्हा खुले झाले आणि २०२२ च्या आठपैकी सात मैदानांत ती बसवण्यात आली. योजना चालली, यात वाद नाही. परंतु विश्वचषक केवळ मैदानाच्या वाडग्यात भरत नाही. सरावाची ठिकाणे, रस्ते, रांगा, बसथांबे आणि लाखो प्रेक्षकांचे चालणे हे सगळे त्या वाडग्याबाहेर असते. याची साक्ष दोह्यातच मिळाली. २०१९ च्या जागतिक अजिंक्यपद मैदानी स्पर्धेतील स्त्रियांची मॅरेथॉन सप्टेंबरच्या अखेरीस आणि तीही मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करूनही, ६८ धावपटूंपैकी २८ जणींना ती अर्ध्यावर सोडावी लागली.

तोवर फुटबॉलचा निर्णय झालेला होता. आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष शेख सलमान बिन इब्राहिम अल खलिफा यांच्या अध्यक्षतेखालील फिफाच्या कृतिगटाने २४ फेब्रुवारी २०१५ रोजी दोह्यात नोव्हेंबर-डिसेंबरची शिफारस केली. जानेवारी-फेब्रुवारी हवामानाच्या दृष्टीने उत्तम होते, पण फेब्रुवारीत हिवाळी ऑलिम्पिक होते. एप्रिलमध्ये रमजानचे उपवास येत होते. मे महिन्यापासून उन्हाळा पेटतो. असे एकेक पान गळत वर्षाची अखेर उरली. १९ मार्च २०१५ रोजी अंतिम सामन्याची तारीख १८ डिसेंबर, म्हणजे कतारचा राष्ट्रीय दिन, अशी निश्चित झाली. युरोपीय क्लबांचा विरोध तीव्र होता, कारण त्यांचा हंगाम मधोमध तुटणार होता. खेळाडू सोडण्याबद्दल क्लबांना द्यायच्या मोबदल्याची रक्कम २०१४ च्या स्पर्धेसाठी ७ कोटी डॉलर होती; ती २०१८ व २०२२ साठी प्रत्येकी २० कोटी ९० लाख डॉलर करण्यात आली आणि विरोध मावळला. इंग्लंडची प्रीमियर लीग २०२२ मध्ये १३ नोव्हेंबरला थांबली व २६ डिसेंबरला पुन्हा सुरू झाली. अंतिम सामना लुसैल येथे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात ३-३ असा बरोबरीत सुटून पेनल्टींवर अर्जेंटिनाने ४-२ असा जिंकला, आणि हंगाम तुटल्याने फुटबॉलचा नाश होईल ही भीती निराधार ठरली.

हवामानापुढे तारीख नमवण्याचा प्रश्न उष्णतेपुरता नाही, हे आफ्रिकेच्या उदाहरणावरून अधिक चांगले कळते, आणि कोकणच्या वाचकाला ते उदाहरण कतारहून जवळचे वाटावे. आफ्रिकी राष्ट्रचषक अनेक दशके जानेवारीच्या सुमारास खेळला जाई. युरोपीय क्लबांना आपले आफ्रिकी खेळाडू ऐन हंगामात सोडावे लागत, म्हणून त्यांची नाराजी असे. अखेर २०१७ मध्ये आफ्रिकी महासंघाने ही स्पर्धा जून-जुलैत नेण्याचे ठरवले व २०१९ ची स्पर्धा इजिप्तमध्ये त्या महिन्यांत झाली. परंतु पुढचा यजमान कॅमेरून होता आणि तेथे हे दिवस धुवाधार पावसाचे. स्पर्धा परत जानेवारीत न्यावी लागली व साथीमुळे एक वर्ष लांबून ती ९ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाली. आयव्हरी कोस्टमध्येही तेच घडले: २०२३ च्या जून-जुलैत ठरलेली स्पर्धा पावसाच्या कारणाने १३ जानेवारी २०२४ पासून खेळवली गेली. दूरच्या बाजारपेठेच्या सोयीने आखलेले पंचांग गिनीच्या आखाताकाठच्या मोसमी पावसाने दोनदा फाडून टाकले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

भारताला याचा अनुभव २०१७ मध्ये आला. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक ६ ते २८ ऑक्टोबर या काळात भारतात झाला. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मडगावचे फातोर्डा ही त्याच्या सहा केंद्रांपैकी दोन होती, म्हणजे कोकण किनाऱ्याच्या दोन टोकांना विश्वचषकाचे सामने झाले. पाऊस सरल्यावरचे हे दिवस सुरक्षित मानले गेले होते, तरी गुवाहाटीत परतीच्या पावसाने मैदान इतके खराब झाले की ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐनवेळी कोलकात्याला हलवावा लागला. महाराष्ट्राने त्याआधी २०१६ मध्ये याहून कठोर प्रसंग पाहिला होता. मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तेथे प्रश्न खेळाडूंच्या आरोग्याचा नव्हता. मैदानाच्या हिरवळीला पाणी द्यायचे की माणसांना, असा तो होता आणि न्यायालयाने त्याचे योग्य उत्तर दिले.

कतारच्या बाबतीत हाच प्रश्न पुरेशा जोराने विचारला गेला नाही. खेळाडूंना उन्हाळ्यातील सुमारे महिनाभराचा खेळ झेपणार नाही हे मान्य झाले, परंतु ती मैदाने, रस्ते, मेट्रो व हॉटेले उभारणाऱ्या मजुरांनी २०१० नंतरचा प्रत्येक उन्हाळा त्याच देशात काढला. हे मजूर प्रामुख्याने भारत, नेपाळ, बांगलादेश व पाकिस्तान येथून आलेले होते; रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, चिपळूण, दापोली या तालुक्यांना आखाती नोकरी नवी नाही आणि तेथील अनेक घरांच्या भिंती याच कमाईवर उभ्या आहेत. कतारमध्ये २००७ पासून १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी होती. ती अपुरी आहे हे कळल्यावर मे २०२१ मध्ये बंदीचा काळ १ जून ते १५ सप्टेंबर असा व वेळ सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी वाढवण्यात आली, आणि वर वर्णन केलेला निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवावे, असा नियम झाला. हा नियम चांगला आहे. तो आला तेव्हा मात्र मतदानाला दहा वर्षे उलटून गेली होती आणि आठपैकी चार मैदाने बांधून, उद्‌घाटन होऊन तयार होती. स्पर्धेची तारीख २०१५ मध्येच हलली. मजुराची दुपार हलायला आणखी सहा वर्षे लागली. खेळाडूच्या शरीराला लागू असलेले विज्ञान मजुराच्या शरीराला त्याच दिवशी लागू करायला हवे होते, कारण घाम दोघांचाही सारखाच वाळतो किंवा वाळत नाही.

११ डिसेंबर २०२४ रोजी फिफाने २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला दिला. तारखांचा प्रश्न तेथेही उभा राहणार, हे उघड आहे आणि क्लब, प्रक्षेपक व महासंघ तो आपापल्या परीने सोडवतील. त्याआधीची बांधकामाची वर्षे मात्र सुरू झाली आहेत. सौदी अरेबियात सध्या १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. रत्नागिरीतून किंवा महाराष्ट्राच्या कोणत्याही भागातून तेथे कामाला निघालेल्या तरुणाने आणि त्याच्या घरच्यांनी करारावर सही होण्यापूर्वी हे तास, पिण्याच्या पाण्याची व सावलीची सोय आणि उन्हाळ्यातील कामाची पाळी त्यात लिहिलेली आहे की नाही, हे जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे.