एका काडीचा कौल

विलायतेंतील निवडणूक म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें पार्लमेंट उभें राहतें. परंतु तेथील गृहस्थाच्या उंबऱ्याशीं येणारें सरकार निराळेंच. कचऱ्याच्या पेट्या कोणत्या वारीं उचलावयाच्या, शेजाऱ्यास माडी चढविण्याची परवानगी द्यावयाची कीं नाहीं, असल्या गोष्टी बहुधा डिस्ट्रिक्ट कौन्सिल ठरवितें.

नॉर्दंबरलंडांतील ब्लाइथ व्हॅली हें असेंच एक डिस्ट्रिक्ट होतें. २००९ सालीं तें व त्याचीं पांच भावंडें मोडून साऱ्या काउंटीचें एकच कौन्सिल करण्यांत आलें. मे २०१७ च्या निवडणुकींत त्याच्या ६७ जागांपैकीं ३३ काँझर्व्हेटिव्ह पक्षास मिळाल्या; बहुमतास एकच हवी होती. ती साऊथ ब्लाइथ येथें अडली. तेथें त्यांच्या व लिबरल डेमोक्रॅट उमेदवारास समसमान मतें पडलीं. फेरमोजणी झाली, तरी आंकडा हलेना. अशा वेळीं दैवावर निर्णय सोपवावा, असा तेथील कायदाच आहे. काड्या ओढण्यांत आल्या आणि लांब काडी लिबरल डेमोक्रॅटांच्या वांट्यास आली! आमच्या कोंकणांत देवाला कौल लावतात, त्यास हंसणाऱ्या सुधारकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. त्या दिवशीं एखादा मतदार पावसाच्या भीतीनें घरीं बसला असेल, तर त्यास काय वाटलें असेल?

स्त्रियांचा या मतपेटीशीं संबंध जुना आहे. पार्लमेंटचें मत त्यांस १९१८ सालीं मिळालें. परंतु कर भरणाऱ्या अविवाहित व विधवा स्त्रिया १८६९ पासून नगरपालिकेसाठीं मत देऊं लागल्या होत्या. लग्न झालें कीं मत गेलें, असा मात्र १८७२ सालीं न्यायालयाचा निवाडा पडला! विवाहितांची ही अडचण १८९४ च्या कायद्यानें बऱ्याच अंशीं दूर केली, आणि त्याच कायद्यानें डिस्ट्रिक्ट कौन्सिलें जन्मास घातलीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे-सुना तिकडे आहेत. इंग्लंडांत कायदेशीरपणें राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकासही, कॉमनवेल्थच्या नात्यानें, तेथें मत देतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २०२३ पासून मतदानकेंद्रावर छायाचित्रासह ओळखपत्र दाखवावें लागतें. भारतीय पासपोर्टही चालतो. बहुधा मे महिन्याचा पहिला गुरुवार, सकाळीं सात ते रात्रीं दहा. तेव्हां सूनबाईंची पुढील खेपेस खुशाली विचाराल, त्या वेळीं मतदारयादींत नांव घातलें कीं नाहीं, तेंही विचारावें.